कॅनडाची तयारी: कुठल्या दाराला कुठली भाषा लागते

कॅनडाला जायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "तिथे दोन भाषा आहेत, फ्रेंच आल्याशिवाय काही खरं नाही." दुसरा म्हणतो, "आपलं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय, आपल्याला कसली आलीय भाषेची अट!" पहिल्याचं ऐकून लोक हातपाय गाळतात, दुसऱ्याचं ऐकून वर्ष घालवतात. मी दुसऱ्याचं ऐकलं होतं.

कॅनडा द्विभाषिक आहे म्हणजे तिथलं केंद्र सरकार द्विभाषिक आहे. १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने आणि पुढे १९८२ च्या हक्कांच्या सनदेने जे बंधन घातलं ते सरकारवर. नागरिकाने इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये विचारलं तर फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचं, ही जबाबदारी सरकारची. नागरिकाला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, असं कुठेही लिहिलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे १८ टक्के निघाले. बाकीच्यांचं रोजचं आयुष्य एकाच अधिकृत भाषेवर नीट चाललेलं असतं.

तेव्हा "कॅनडाला कुठली भाषा लागते?" असं विचारूच नका. "मी ज्या दाराने आत जाणार आहे, त्या दाराला कुठली भाषा आणि किती लागते?" असं विचारा.

पायरी १: आपलं दार ओळखा

कौशल्याच्या जोरावर कायमचं वास्तव्य, म्हणजे पीआर, मिळवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची मुख्य व्यवस्था म्हणजे एक्सप्रेस एन्ट्री. ती जानेवारी २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात तीन योजना येतात आणि तिघींच्या अटी वेगळ्या. भाषेची पातळी मोजायला कॅनडाची स्वतःची १ ते १२ अशी मोजपट्टी आहे. इंग्रजीसाठी तिला सीएलबी म्हणतात, फ्रेंचसाठी एनसीएलसी. आकड्यांचा अर्थ दोन्हीकडे सारखाच.

भारतात बसून, परदेशातल्या अनुभवावर अर्ज करणारे बहुतेक जण फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत येतात. तिथे वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं या चारही कौशल्यांत किमान सीएलबी ७ लागतं. तीनात ९ आणि एकात ६ असेल तर अर्ज पात्रच ठरत नाही. सरासरी काढायची पद्धत इथे नाही. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कारागिरांच्या योजनेत ऐकण्या-बोलण्यात ५ आणि लिहिण्या-वाचण्यात ४ पुरतं. कॅनडात आधीच वर्षभर काम केलेल्यांच्या योजनेत कामाच्या दर्जावर ठरतं. व्यवस्थापक, इंजिनियर वगैरे वरच्या दोन श्रेणींना ७, त्याखालच्या दोन श्रेणींना ५.

प्रांतांच्या स्वतःच्या नॉमिनेशन योजना, म्हणजे प्रांतानेच उमेदवार निवडून केंद्राला सुचवायच्या योजना, आहेत आणि प्रत्येकीचे आकडे निराळे, त्यामुळे तुमच्या प्रांताचं पान उघडून बघण्यावाचून गत्यंतर नाही. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांची एकत्रित योजना त्यातल्या त्यात सोपी, बहुतेक कामांना सीएलबी ५ आणि खालच्या श्रेणीला ४.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणानंतरच्या वर्क परमिटलाही भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडावा लागतो, विद्यापीठाच्या पदवीधरांना ७ आणि कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांना ५. कॉलेजच्या प्रवेशासाठी दिलेली परीक्षा इथे आपोआप चालत नाही. का, ते पुढच्या पायरीत येईल.

ज्यांना भाषेची परीक्षाच नाही असेही बरेच आहेत. नवऱ्याने किंवा बायकोने प्रायोजित केलेला जोडीदार, मुलांनी बोलावलेले आईवडील, अर्जासोबत येणारी मुलं, यांच्याकडून पीआरसाठी कुणी इंग्रजी-फ्रेंचचा दाखला मागत नाही. "आईला परीक्षा द्यावी लागेल का हो?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तर ठळक सांगते: नाही.

क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांताचं दार संपूर्ण वेगळं आहे. त्याबद्दल स्वतंत्र लिहिते.

पायरी २: परीक्षा निवडा, आणि नाव नीट वाचा

इंग्रजी माध्यमाची शाळा, इंग्रजीतली पदवी, इंग्रजीत काम करणारी कंपनी, यांपैकी काहीही एक्सप्रेस एन्ट्रीत पुरावा म्हणून चालत नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही परीक्षा द्यावीच लागते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं, इतकंच.

इंग्रजीसाठी तीन परीक्षा चालतात: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल आणि जानेवारी २०२४ च्या शेवटापासून पीटीई कोअर. फ्रेंचसाठी दोन: टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. बस्स. डेल्फ आणि डाल्फ ही फ्रेंचची नामांकित प्रमाणपत्रं आहेत, आयुष्यभर टिकतात, पण एक्सप्रेस एन्ट्रीत त्यांचा उपयोग शून्य. पुस्तकांच्या कपाटात ठेवा.

नावातला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. आयईएलटीएस अकॅडमिक विद्यापीठाला लागते, पीआरला आणि शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला जनरल ट्रेनिंग. पीटीई अकॅडमिक वेगळी, पीटीई कोअर वेगळी. सेलपिपची जनरल एलएस नावाची धाकटी बहीण आहे. तिच्यात फक्त ऐकणं-बोलणं असतं, ती नागरिकत्वासाठी चालते, पीआरसाठी नाही. चुकीची परीक्षा देऊन पूर्ण फी वाया घालवलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत आणि दोघंही एरवी कागदपत्रांत काटेकोर.

तिन्ही इंग्रजी परीक्षांत चांगली कुठली? आयईएलटीएसमध्ये बोलण्याची परीक्षा समोरच्या माणसाशी होते, ११ ते १४ मिनिटं. सेलपिप आणि पीटीईमध्ये तुम्ही हेडफोन लावून संगणकाशी बोलता आणि शेजारचाही त्याच वेळी त्याच्या संगणकाशी बोलत असतो. गोंगाटात विचार करता येत नसेल तर आयईएलटीएस बरी. परक्या माणसासमोर जीभ अडखळत असेल तर संगणक बरा. सेलपिपचा एक फायदा म्हणजे तिचा गुणांक आणि सीएलबी एकच असतो, ९ म्हणजे ९.

आयईएलटीएसचं तसं नाही. चारही कौशल्यांत ६.० म्हणजे सीएलबी ७, इथपर्यंत सरळ आहे. पुढे मात्र रस्ता वाकतो. सीएलबी ९ साठी वाचणं, लिहिणं, बोलणं यांत प्रत्येकी ७.० लागतात, आणि ऐकण्यात ८.०. हा एक आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मला ऐकण्यात साडेसात मिळाले होते, बाकी तिन्हींत सात. घरात पेढे आणायची तयारी चालली होती. तक्ता उघडला तेव्हा कळलं की साडेसात म्हणजे सीएलबी ८.

पायरी ३: गुणांचा हिशेब वहीत मांडा

एक्सप्रेस एन्ट्रीत पात्र ठरणं म्हणजे फक्त रांगेत उभं राहणं. पुढे १२०० गुणांच्या क्रमवारीत तुमचा नंबर लागतो आणि ठरावीक दिवशी वरच्यांना आमंत्रण जातं. या क्रमवारीत भाषेचं वजन किती, हे उदाहरणावाचून पटत नाही.

समजा उमेदवार २९ वर्षांची आहे, अविवाहित, पदव्युत्तर शिक्षण झालेलं, तीन वर्षांहून जास्त अनुभव आणि तो सगळा कॅनडाबाहेरचा. वयाचे ११०, शिक्षणाचे १३५. चारही कौशल्यांत सीएलबी ८ असेल तर भाषेचे ९२. शिवाय भाषा आणि शिक्षण यांच्या जोडीचे २५, भाषा आणि परदेशी अनुभव यांच्या जोडीचे २५. एकूण ३८७.

आता तिचं चारही कौशल्यांत सीएलबी ९ झालं. भाषेचे १२४. आणि दोन्ही जोड्यांचे गुण दुप्पट, ५० अधिक ५०. एकूण ४६९. एका पातळीने ८२ गुणांचा फरक.

आणि तीनात ९, एकात ८ असेल तर? भाषेचे ११६ मिळतात, पण जोडीचे गुण वाढण्यासाठी चारही कौशल्यांत ९ हवं असतं, त्यामुळे ते पन्नासावरच अडकतात. एकूण ४११. ऐकण्याच्या अर्ध्या बँडने ५८ गुण गेले. हा हिशेब काल्पनिक उमेदवाराचा म्हणून लिहिला खरा, पण तो माझ्याच वहीतला आहे.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या निकालात एखादं कौशल्य काठावर अडकलं असेल तर दुसऱ्यांदा परीक्षा द्या. दुसरी पदवी, आणखी दोन वर्षांचा अनुभव, यांच्या मागे धावण्यापेक्षा हे स्वस्त आहे. मात्र चारही गुण एकाच परीक्षेच्या एकाच बैठकीतले लागतात. या वेळचं ऐकणं आणि मागच्या वेळचं लिहिणं असं ठिगळ लावता येत नाही.

जोडपं असाल तर दोघांचे हिशेब वेगवेगळे मांडा. मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असा काही नियम नाही. जिचं वय कमी आणि भाषा चांगली, तिच्या नावाने अर्ज केल्यावर गुण वाढलेली कितीतरी घरं आहेत. जोडीदाराला परीक्षा सक्तीची नसते, पण दिली तर त्याच्या भाषेचे जास्तीत जास्त २० गुण मिळतात.

पायरी ४: तारखा आणि नाव

निकाल दोन वर्षं चालतो. तो प्रोफाइल भरताना जिवंत हवा आणि आमंत्रण आल्यावर पीआरचा अर्ज दाखल करायच्या दिवशीही जिवंत हवा. आमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत निकालाची मुदत संपते, असं होतं. निकालाला वीस महिने झाले की पुढची परीक्षा नोंदवून टाका.

नावाचा घोळ हा खास आपला. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. परीक्षेचा फॉर्म भरताना मधलं नाव गाळलं, लग्नानंतरचं आडनाव टाकलं, असं करू नका. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

पायरी ५: फ्रेंच शिकावी का?

इथे जरा थांबायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त चित्र पालटलं ते इथेच.

फ्रेंच सक्तीची नाही हे वर सांगितलंच. पण केंद्र सरकारपुढे एक अडचण आहे. क्युबेकबाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या घटत चाललंय. ते सावरायला बाहेरून येणाऱ्यांतच फ्रेंच जाणणारे जास्त घ्यायचे, असं धोरण ठरलं. २०२४ साठी क्युबेक सोडून उरलेल्या देशात येणाऱ्या नव्या पीआरपैकी ६ टक्के फ्रेंचभाषक असावेत असं उद्दिष्ट होतं आणि पुढच्या वर्षांसाठी ते वाढवत नेलं.

त्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक, गुणांत. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ आणि इंग्रजीत किमान सीएलबी ५ असेल तर ५० जादा गुण. शिवाय दुसऱ्या भाषेचे म्हणून प्रत्येक कौशल्याला ३, म्हणजे १२. एकूण ६२. वरच्या उदाहरणातल्या ४६९ चे ५३१ झाले.

दुसरा परिणाम याहून मोठा. २०२३ पासून फक्त फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी आमंत्रणांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात. १३ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वसाधारण फेरीचा कटऑफ ५३५ होता. त्याच महिन्यात २९ तारखेला फ्रेंचची फेरी निघाली, कटऑफ ३३६. एकाच महिन्यात जवळपास दोनशे गुणांचा फरक! प्रत्येक वेळी कटऑफ इतका खाली जाईल असं धरून चालू नका, तो वरखाली होत राहतो. पण वयाची तिशी ओलांडल्यामुळे ज्यांचे गुण घसरायला लागलेत, त्यांच्यासाठी हे दार खरोखर विचार करण्यासारखं आहे.

गंमत अशी की हे गुण मिळवून क्युबेकमध्ये राहायला जायचं नसतं. एक्सप्रेस एन्ट्री क्युबेकबाहेर स्थायिक होणाऱ्यांसाठी आहे. फ्रेंच शिका आणि ओटावा, मॉन्क्टन, सडबरी किंवा विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागात राहा, अशी सरकारची इच्छा. न्यू ब्रन्सविक हा तर देशातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत.

आता मेहनतीचं बोलू. एनसीएलसी ७ म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-२. शून्यापासून तिथे पोचायला शिकवणारे पाचशे ते साडेसहाशे तास धरतात. रोज दोन तास प्रामाणिकपणे दिले तर दहा-अकरा महिने, आणि नोकरी, घर, आजारपण धरून सव्वा ते दीड वर्ष. "तीन महिन्यांत एनसीएलसी ७" अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

मराठी माणसाला फ्रेंच अगदीच परकी वाटत नाही. अमुक वस्तू पुल्लिंगी का, याचं कारण नसतं आणि ते विचारायचंही नसतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच. 'त्यू' आणि 'व्हू' यांतला भेद म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजीवरून येणाऱ्याला तो पाठ करावा लागतो, आपल्याला फक्त लावावा लागतो. फ्रेंच आकडे ऐकून मात्र सगळे वैतागतात. त्यांच्याकडे ऐंशी म्हणजे 'चार वीस' आणि नव्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा नऊ'. पण एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणणाऱ्यांनी त्यावर फार हसू नये.

घाम फुटतो तो ऐकण्यात. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं सहसा गिळली जातात आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तीच व्यंजनं पुन्हा जिवंत होऊन त्याला चिकटतात. कागदावर ओळखीचं असलेलं वाक्य कानाला अनोळखी लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ऐका. व्याकरण संपवून मग ऐकायला बसू असं म्हणणारे परीक्षेत ऐकण्यातच पडतात.

टीईएफ की टीसीएफ? टीईएफची बोलण्याची परीक्षा दोन भागांत असते. पहिल्यात एक जाहिरात देतात आणि तुम्ही फोन करून माहिती विचारायची, 'व्हू' वापरून. दुसऱ्यात मित्राला एखाद्या गोष्टीसाठी राजी करायचं, 'त्यू' वापरून. मराठीतही दुकानदाराशी आणि मित्राशी आपण एकाच सुरात बोलत नाही, तेच इथे तपासतात. लिहिण्यात एका अर्धवट बातमीचा शेवट करायचा आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून मत मांडायचं. टीसीएफमध्ये बोलण्याचे तीन आणि लिहिण्याचे तीन छोटे प्रश्न असतात. वाद घालण्याची हौस असेल तर टीईएफ, आटोपशीर उत्तरं जमत असतील तर टीसीएफ, असं मी सांगते. दोन्हींच्या नमुना प्रश्नपत्रिका सोडवून मगच ठरवा. भारतात या परीक्षा आलियान्स फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या काही केंद्रांवर होतात. जागा भराभर संपतात, तेव्हा तारीख आधी धरून ठेवा आणि अभ्यास तिला बांधा.

आणि शिकू नये कुणी? ज्यांचं इंग्रजी अजून सीएलबी ८ वर अडकलेलं आहे त्यांनी. आधी ते ९ करा. ८२ गुण तिथे काही महिन्यांत मिळतात, फ्रेंचचे ६२ मिळायला वर्ष लागतं. अपवाद फक्त फ्रेंचच्या वेगळ्या फेरीवर डोळा ठेवून बसलेल्यांचा. आणखी एक. फ्रेंचचे हे ५० गुण फक्त मुख्य अर्जदाराला मिळतात. घरात बायकोला फ्रेंच येत असेल आणि अर्ज नवऱ्याच्या नावाने असेल तर ते पाण्यात गेले.

क्युबेकचं दार

क्युबेकमध्ये अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. १९७७ च्या कायद्याने, ज्याला तिथे सगळे 'बिल १०१' म्हणतात, सरकार, शाळा, कामाची जागा, दुकानांच्या पाट्या असं सगळं फ्रेंचखाली आणलं. २०२२ मध्ये 'बिल ९६' ने ते आणखी आवळलं. स्थलांतरितांची निवडही क्युबेक १९९१ च्या करारानुसार स्वतः करतं. अर्ज 'आरिमा' नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर होतो.

सध्या कुशल कामगारांसाठी पीएसटीक्यू ही योजना आहे. तिच्या पहिल्या गटात, म्हणजे जास्त शिक्षण लागणाऱ्या कामांसाठी, फ्रेंच बोलण्या-ऐकण्यात पातळी ७ आणि लिहिण्या-वाचण्यात ५ लागते. जोडीदार सोबत असेल तर त्याच्याकडूनही बोलण्या-ऐकण्यात ४ ची अपेक्षा. मॉन्ट्रियलमध्ये शिकून पीईक्यू नावाच्या सोप्या योजनेतून पीआर घ्यायचा, असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरताहेत. ती योजना २०२५ मध्ये बंद झाली.

मुलं असतील त्यांनी शाळेचा विचार आधी करावा. क्युबेकमध्ये स्थायिक झालेल्या स्थलांतरितांची मुलं सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमातच जातात. इंग्रजी माध्यमाची सरकारी शाळा मिळते ती मुख्यतः ज्यांच्या आईबापांपैकी एकाचं प्राथमिक शिक्षण कॅनडातच इंग्रजीत झालंय त्यांना. नव्या मुलांसाठी आधी भाषेचा स्वागतवर्ग असतो. सहा-सात वर्षांचं पोर वर्षभरात फ्रेंचमध्ये भांडायला लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं मात्र फार अवघड जातं. दहावीच्या आसपासचं मूल घेऊन क्युबेकला निघालेल्यांनी या एका मुद्द्यावर घरात मोकळेपणाने बोलून घ्यावं.

बिल ९६ नुसार स्थलांतरितांशी क्युबेक सरकारचा पत्रव्यवहार, काही अपवाद सोडले तर, आगमनानंतर सहा महिन्यांनी फक्त फ्रेंचमधून होतो. मॉन्ट्रियलच्या दुकानांत "बाँझूर-हाय" असं जोडस्वागत ऐकू येतं, त्यावर भुलू नका. हे 'हाय' सोडून नुसतं "बाँझूर" म्हणा, अशी विनंती करणारा ठराव तिथल्या विधानसभेने २०१७ मध्ये मंजूर केला होता. मोफत फ्रेंच वर्ग 'फ्रांसिझास्यों केबेक' या सरकारी संस्थेमार्फत मिळतात, जून २०२३ पासून.

आणि तिथली फ्रेंच पॅरिसची नव्हे. जेवणाची वेळ ठरवताना हे कळतं. फ्रान्समध्ये 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, क्युबेकमध्ये 'दिने' म्हणजे दुपारचं. रात्रीच्या जेवणाला तिथे 'सुपे' म्हणतात.

पोचल्यावर

पीआर हातात आला म्हणजे भाषेचं काम संपलं असं वाटतं. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत ते संपलेलं नाही हे कळतं. परीक्षेतलं इंग्रजी आणि कॅन्टीनमधलं इंग्रजी यांत फरक आहे. पीआर मिळालेल्यांसाठी केंद्र सरकारचे लिंक नावाचे मोफत इंग्रजी वर्ग असतात, फ्रेंचसाठी क्लिक. आपल्यातले शिकलेले लोक "ते आपल्यासाठी नाही" म्हणून तिकडे फिरकत नाहीत, पण काही ठिकाणी वरच्या पातळीचे, नोकरीच्या भाषेवरचे वर्गही असतात. आईवडिलांना तर जरूर पाठवा. भाषेपेक्षा तिथे त्यांना माणसं मिळतात, आणि हिवाळ्यात त्याचीच जास्त गरज असते. नागरिकत्व घेतल्यावर लिंकचा हक्क जातो, म्हणून हे काम आधी करावं.

दोन्ही भाषा येत असतील तर केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत, विशेषतः ओटावाच्या बाजूला, फायदा होतो. तिथे भाषेची पातळी ए, बी, सी अशी मोजतात आणि पदाच्या जाहिरातीत वाचणं, लिहिणं, बोलणं यांची 'बीबीबी' किंवा 'सीबीसी' अशी तीन अक्षरं असतात. त्यांची परीक्षा वेगळी असते, टीईएफचा निकाल तिथे उपयोगी नाही. द्विभाषिक पदाला मिळणारा भत्ता मात्र वर्षाला ८०० डॉलर, १९७० च्या दशकात ठरला तेवढाच. भत्त्यासाठी फ्रेंच शिकू नका, पदासाठी शिका.

नर्स, डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक यांच्या परवान्याच्या संस्था प्रांतागणिक वेगळ्या आणि त्यांच्या भाषेच्या अटीही स्वतःच्या. पीआरसाठी दिलेली जनरल ट्रेनिंग परीक्षा तिथे नाकारली जाऊ शकते. तुमच्या व्यवसायाला परवाना लागत असेल तर परीक्षा नोंदवण्याआधी त्या प्रांताच्या संस्थेचं पान वाचा.

नागरिकत्वाच्या वेळी

पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात राहिलात की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. इथे भाषेची अट एकदम उतरते. १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला इंग्रजी किंवा फ्रेंच, कुठल्याही एकीत, फक्त ऐकण्या-बोलण्यात पातळी ४ दाखवावी लागते. ५५ पूर्ण झालेल्यांना भाषेचा पुरावाही नाही आणि देशाच्या माहितीची परीक्षाही नाही. ती परीक्षा बाकीच्यांना असते, २० प्रश्न आणि १५ बरोबर हवेत. ती इंग्रजीतून द्यायची की फ्रेंचमधून, हे तुम्ही ठरवायचं.

भाषेच्या पुराव्यासाठी पुन्हा परीक्षेला बसायची बहुतेकांना गरज पडत नाही. माध्यमिक शाळा किंवा त्यापुढचं शिक्षण इंग्रजी वा फ्रेंच माध्यमात झाल्याचा दाखला चालतो, आणि तो कॅनडाबाहेरचाही चालतो. पीआरच्या वेळी ज्या इंग्रजी माध्यमाच्या कागदाला कुणी विचारलं नव्हतं, तोच इथे पुढे करायचा. तेव्हा निघताना विद्यापीठाकडून माध्यमाचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि गुणपत्रिकांच्या फायलीत ठेवा. चार-पाच वर्षांनी परदेशातून ते मागवायचं म्हणजे कुणातरी चुलतभावाला चार खेपा.